मासा वर येऊन तोंड वासतोय? खाणं टाकण्याआधी त्याचे कल्ले बघा

सकाळी टाकीजवळ जावं आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडमीट करताना दिसावेत, की आपला हात आपसूक खाण्याच्या डबीकडे जातो. सुरुवातीला मीही तेच केलं. दोन गोल्डफिश वर आले होते, मला वाटलं भुकेले आहेत. दुपारी त्यातला एक तळाशी आडवा पडलेला होता. त्याला धाप लागली होती, भूक नव्हे.

या चुकीत मोलाचा वेळ जातो, म्हणून ती आधी सांगतो. मासा तोंडाने पाणी आत घेतो, ते कल्ल्यांवरून वाहतं आणि कल्ल्यांच्या झाकणाखालून बाहेर पडतं. कल्ल्यांच्या पातळ पापुद्र्यांत रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं, त्यामुळे पाण्यातला बराचसा ऑक्सिजन रक्तात ओढला जातो. ही सोय लागतेच, कारण २५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. एक लिटर हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. पाणी तापलं की आणखी घटतो. हवेतला ऑक्सिजन सगळ्यात आधी वरच्या थरात मिसळतो, म्हणून गुदमरलेला मासा तिथे येतो. अशा वेळी टाकलेलं खाणं तसंच राहून कुजतं, कुजताना ऑक्सिजन खातं आणि अमोनिया वाढवतं. मासा शरीरातला बहुतेक अमोनिया कल्ल्यांवाटेच बाहेर टाकतो. पाण्यातच तो साचला की ती वाटही तुंबते.

मग करायचं काय? एअर पंप चालू करा, फिल्टरचा प्रवाह पृष्ठभाग ढवळेल असा फिरवा आणि पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं हवं, कारण क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचाच भाजतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू त्यातच असतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळला की पुरे. मासे ठीक असताना कल्ल्यांची झाकणं मिनिटाला किती वेळा हलतात ते एकदा मोजून लिहून ठेवा. पुढे शंका आली की ताडून बघायला तोच आकडा कामी येतो.

बेटा आणि गुरामी या माशांना मात्र हा नियम लावू नका. त्यांच्या कल्ल्यांच्या वर हवेतून ऑक्सिजन घेणारा वेगळा अवयव असतो, त्यामुळे अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणं हा त्यांचा स्वभावच. त्यांची टाकी झाकणापर्यंत भरणं ही चूक. वर थोडी मोकळी हवा ठेवा.

काचेवर टकटक करणं आपल्याला किरकोळ वाटतं. एखाद्या माशाकडे कडेने निरखून बघा: कल्ल्यांच्या झाकणापासून शेपटीपर्यंत टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रांची रेघ दिसेल. ही पार्श्वरेखा. पाण्याची जराशी हालचाल ती टिपते. शिवाय कान आतल्या बाजूला असतातच. गोल्डफिश आणि कॅटफिशमध्ये तर छोट्या हाडांची साखळी वाताशयातली (शरीरातल्या हवेच्या पिशवीतली) कंपनं थेट कानापर्यंत पोचवते. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ मध्ये शीळ ऐकून येणाऱ्या आंधळ्या कॅटफिशबद्दल लिहिलं होतं. मासे विनाकारण कोपऱ्यात दबून राहत असतील, तर पंप काचेला टेकून घरघरतोय का, शेजारी स्पीकर आहे का, ते तपासा.

सगळी टाकी एकदम लपून बसली, तर पाण्याला दोष देण्याआधी जखमी मासा शोधा. कार्प कुळातल्या माशांची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याच्या वासाने बाकीचे घाबरतात. हेही फ्रिश यांनीच १९३८ मध्ये दाखवलं. जखमी मासा वेगळा ठेवा.

त्याला उचलताना कोरडा हात किंवा खरखरीत जाळी वापरू नका. खवले सर्वांत बाहेर असतात असं वाटतं, पण त्यांच्यावर पातळ कातडी आणि तिच्यावर बुळबुळीत थर असतो. तो खरवडला की जंतूंना मोकळं रान मिळतं. पाण्यात भांडं बुडवून मासा पाण्यासकट उचलावा, हे मला सगळ्यात सुरक्षित वाटतं.

गोल्डफिश उलटा तरंगू लागला की लोक औषधांमागे धावतात. आधी पाणी तपासा आणि एक-दोन दिवस खाणं बंद ठेवा. गोल्डफिशला जठरच नसतं, अन्न गळ्यातून थेट आतड्यात जातं, म्हणून एकदम भरपूर घातलेलं त्याला झेपत नाही. तरंगतं कोरडं खाणं खाताना तो हवाही गिळतो. नंतर भिजवलेलं, बुडणारं खाणं थोडं थोडं द्या. पोट फुगून खवले उभे राहिले असतील, तर मात्र उपासाने भागणार नाही. आजार आतला आहे, माशांच्या जाणकार पशुवैद्याला दाखवा.

आणि रात्री अंधारात टाकीचा दिवा एकदम लावू नका. माशांना पापण्या नसतात, अचानक आलेल्या उजेडात ते बिचकून काचेवर आपटतात. आधी खोलीतला दिवा लावा आणि टाकीचा काही मिनिटांनी.