हिपॅटायटिस बी-सी आणि लिम्फोमा: कोणत्या तपासण्या कधी करून घ्याव्यात

जुनाट काविळीमुळे, म्हणजे हिपॅटायटिस बी किंवा सीच्या दीर्घ संसर्गामुळे, यकृताचा कर्करोग होऊ शकतो, हे इंदूरमधल्या बहुतेक मराठी घरांत ठाऊक असते. हिपॅटायटिस सीचा विषाणू लसिका ग्रंथींच्या कर्करोगालाही, म्हणजे बी-पेशींच्या नॉन-हॉजकिन लिम्फोमालाही, कारण ठरू शकतो, ही गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला हा विषाणू बी-पेशींना (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना; यातील ‘बी’चा हिपॅटायटिस बीशी संबंध नाही) सतत चेतवत राहतो, त्या विभागत राहतात आणि विभागणीतील चुका साचत जाऊन काहींचे रूपांतर कर्कपेशींत होते. जोखीम इतरांच्या साधारण दुप्पट ते अडीचपट असली, तरी लिम्फोमा मुळात फार आढळणारा आजार नसल्यामुळे सीच्या बहुसंख्य रुग्णांना तो कधीच होत नाही. हिपॅटायटिस बीचाही लिम्फोमाशी संबंध दिसून आला आहे. मात्र तिथला पुरावा सीइतका भक्कम नाही.

प्रथम आपल्याला संसर्ग आहे का, हे ठरवावे. बीसाठी एचबीएसएजी आणि सीसाठी अँटी-एचसीव्ही या रक्ततपासण्या कराव्यात. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू आजही अंगात आहे असे नव्हे, कारण काहींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो आणि प्रतिपिंडे तेवढी उरतात; त्यामुळे विषाणू प्रत्यक्ष रक्तात आहे का हे दाखवणारी एचसीव्ही आरएनए ही तपासणी केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. विषाणू सापडल्यास उपचार टाळण्याचे कारण उरलेले नाही. सोफोसबुविरसारख्या गोळ्यांचा कोर्स बहुतेकांसाठी 12 आठवड्यांचा असतो, आणि 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली तपासणी व औषधे सरकारी केंद्रांवर मोफत दिली जातात. इंदूरकरांनी चौकशीची सुरुवात एमवाय रुग्णालयापासून करावी. सीच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी झालेली असावी, कारण दोन्ही संसर्ग असल्यास सी दबताच बी उसळू शकतो.

मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी आणि काही आठवड्यांत न ओसरणारी गाठ, कारण नसताना येणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, सहा महिन्यांत वजनात 10 टक्क्यांहून अधिक घट, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे आणि हिपॅटायटिसचा इतिहास त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावा. सोनोग्राफीचा अहवाल वाचून मात्र स्वतःच निदान करू नये. सीच्या रुग्णांत यकृताजवळच्या ग्रंथी किंचित मोठ्या दिसणे नेहमीचेच आहे, आणि प्लीहा वाढण्याचे कारण सिरोसिस असू शकते तसेच प्लीहेचा लिम्फोमाही असू शकतो.

आपल्याकडे मानेची गाठ म्हणजे टीबी असे धरून चालण्याची सवय आहे. पुष्कळदा ते खरेही निघते. पण ऊतीच्या, म्हणजे गाठीतून काढलेल्या तुकड्याच्या, तपासणीविना टीबीची औषधे सुरू केल्यास लिम्फोमाचे निदान महिनोन्‌महिने लांबते, शिवाय त्यांतील काही औषधे आधीच दुखावलेल्या यकृताला त्रास देतात. सुईने काढलेल्या नमुन्यावरून लिम्फोमाचा प्रकार नीट ठरत नाही, म्हणून शक्य असेल तिथे पूर्ण ग्रंथी काढून बायोप्सी करण्याविषयी विचारावे.

प्रकार ठरल्यावर उपचारांचा क्रम ठरतो. प्लीहेच्या मार्जिनल झोन लिम्फोमासारख्या संथ प्रकारांत, केमोथेरपीची घाई नसेल, तर आधी सीचा विषाणू संपवतात. काही रुग्णांत तेवढ्यानेच लिम्फोमा ओसरतो, आणि विषाणू व कर्करोग यांच्या नात्याचा याहून बोलका पुरावा मला दुसरा दिसत नाही. डिफ्यूज लार्ज बी-सेल या वेगाने वाढणाऱ्या प्रकारात मात्र विषाणूसाठी केमोथेरपी थांबवून ठेवता येत नाही.

सर्वांत टाळण्याजोगा धोका बीच्या बाबतीत आहे. लिम्फोमावर सर्रास दिले जाणारे रिटुक्सिमॅब हे औषध बी-पेशी नष्ट करते, त्यामुळे यकृतात दबून राहिलेला विषाणू पुन्हा जागा होऊन यकृत निकामी होऊ शकते. 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या धोक्याचा इशारा अधिक ठळक केला. एचबीएसएजी निगेटिव्ह असूनही हे घडू शकते. म्हणून पहिल्या डोसपूर्वी एचबीएसएजीबरोबर अँटी-एचबीसी टोटल ही तपासणी झालीच पाहिजे. केवळ आयजीएम (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडे दाखवणारी तपासणी) पुरेसे नाही, कारण जुना संसर्ग त्यात दिसत नाही. यांपैकी काहीही पॉझिटिव्ह आल्यास एंटेकाविर किंवा टेनोफोविर ही प्रतिबंधक गोळी सुरू करण्याविषयी कर्करोगतज्ज्ञ आणि यकृततज्ज्ञ या दोघांनाही विचारावे.

केमो संपली की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि रोजची ती एक गोळीही बंद होते, नेमके तिथेच बिघडते. रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसनंतर ती किमान 12 महिने, पुष्कळदा 18 महिने, चालू ठेवावी लागते. ती डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय बंद करू नये, आणि बंद केल्यावरही निदान वर्षभर ठरावीक अंतराने एसजीपीटी (यकृताला इजा होत आहे का हे दाखवणारी रक्ततपासणी) व विषाणूची तपासणी करत राहावे.