अपुरा हा शब्द कसा वापरायचा : ‘पडणं’ आणि ‘राहणं’ यातला फरक

अपुरा म्हणजे कमी, असं आपण पटकन सांगून टाकतो आणि तिथेच गडबड सुरू होते. कमी म्हणायला नुसतं माप पुरतं, अपुरा म्हणायला गरज लागते. खोलीत चार खुर्च्या आहेत, त्या पुरेशा आहेत का अपुऱ्या ते माणसं किती येणार त्यावर ठरतं, दोघंच आली तर त्याच चार भरपूर आणि दहा आली की त्याच अपुऱ्या. म्हणून अपुरा लिहिलंत की लगेच स्वतःला विचारायचं, कशाला अपुरा? उत्तर वाक्यात नसेल आणि आजूबाजूच्या बोलण्यातही नसेल तर तिथे साधं ‘कमी’ लिहा.

शब्द आलाय ‘पुरणे’ या क्रियापदाच्या घरातून. पुरतं, पुरलं, पुरेल, पुरेसं, पुरवठा, पुरवणी ही सगळी भावंडं, आणि आधी ‘अ’ लागला की नकार. त्यामुळे बोलताना खूपदा अपुरा हा शब्द लागतच नाही. ‘मला झोप अपुरी आहे’ असं कोणी बोलत नाही हो, ‘माझी झोप पुरत नाही’ किंवा ‘झोप पुरी होत नाही’ असंच तोंडात येतं. तेच बातमीत, अर्जात किंवा डॉक्टरांच्या बोलण्यात ‘अपुरी झोप’ अगदी चपखल बसतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. या शब्दापुढे ‘पडणे’ येतं का ‘राहणे’ यावर अर्थ बदलतो. ‘जागा अपुरी पडली’ म्हणजे गरजेइतकी नव्हती. ‘गोष्ट अपुरी राहिली’ म्हणजे शेवटापर्यंत गेली नाही, मध्येच थांबली. पहिल्यात प्रश्न किती आहे याचा, दुसऱ्यात कुठवर पोचलं याचा. उलट शब्द लावून बघा म्हणजे लगेच कळतं, अपुरं पडलं याच्या उलट पुरलं किंवा पुरेसं होतं, आणि अपुरं राहिलं याच्या उलट पुरं झालं. इच्छा, शिक्षण, बोलणं, स्वप्न ही अपुरी राहतात. पैसे, वेळ, माणसं, उजेड ही अपुरी पडतात. ‘अपूर्ण’ हा शब्द फक्त राहण्याच्या बाजूचा आहे. ‘अपूर्ण पाणीपुरवठा’ असं वाचलं की मला खरंच टोचतं, कारण पाणी येतंय, ते पुरत नाहीये, मग तो अपुरा पाणीपुरवठा. आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला आपण ‘अपुऱ्या दिवसांचं बाळ’ म्हणतो, किती नेमकं आहे ते बघा, अपुरे दिवस आहेत, बाळ नाही.

दुसरी चूक ‘अभाव’ ची. अभाव म्हणजे ती गोष्ट नसणंच. माझ्या एका मैत्रिणीने इमारतीच्या कमिटीला अर्ज लिहिला, ‘आपल्याकडे पार्किंगचा अभाव आहे’, आणि उत्तर आलं की पार्किंग तर आहे. आम्ही बसून एकच वाक्य बदललं : ‘गाड्या 40 आणि जागा 25 गाड्यांची, त्यामुळे पार्किंग अपुरं पडतं.’ गरज किती आणि हातात किती, दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले की अपुरा शब्दाला वजन येतं आणि समोरच्याला फाटा फोडता येत नाही.

बाकीचे जवळचे शब्द थोडक्यात. ‘तुटपुंजा’ मध्ये तक्रार आणि कळवळा असतो, तुटपुंजा पगार, तुटपुंजी मदत, कोरड्या रिपोर्टात तो नको. ‘तोकडा’ मुळात लांबीचा, म्हणून कपडे तोकडे, शब्दही तोकडे पडतात. टंचाई आणि तुटवडा सगळ्यांना मिळून सोसावे लागतात, चणचण बहुतेक पैशाची. आणि स्वतःबद्दल बोलायचं तर ‘मी कमी पडलो’ म्हणा, ‘मी अपुरा पडलो’ चालतं पण जरा पुस्तकी वाटतं.

लिहिताना ‘अपुरा’ चा पु ऱ्हस्व, कारण शेवटचं अक्षर दीर्घ आहे, ‘अपूर्ण’ चा पू मात्र दीर्घ कारण तो संस्कृतमधून जसाच्या तसा आलाय. रूपं नामाप्रमाणे बदलतात : अपुरा वेळ, अपुरी जागा, अपुरं मनुष्यबळ, अपुऱ्या सोयी, अपुरी साधनं. ‘मुळे’, ‘साठी’ वगैरे लागलं की सगळीकडे अपुऱ्या, म्हणजे ‘अपुऱ्या वेळेमुळे’, ‘अपुऱ्या जागेत’.

आणि प्लीज, ‘अपुर्या’ लिहू नका. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे अनेक दरी, एवढा फरक त्या छोट्या रफारात आहे. टाइप करताना साध्या र ऐवजी नुक्ता म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, मग य. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्डवर र जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबलं की ऱ मिळतो, मोबाइलवर बहुतेक वेळा र दाबून धरला की सापडतो.