हद्दीसाठी भांडणाऱ्या माशांच्या टाकीत कोणती झाडं लावावीत

कन्व्हिक्ट, फायरमाउथ, क्रिबेन्सिस, ऑस्कर, मलावी सरोवरातले एम्बुना, फायटर हे सगळे मासे टाकीतली ठरावीक जागा आपली धरतात आणि तिथे दुसरा मासा नजरेस पडला की त्याच्या अंगावर जातात. नजरेस पडणं इथे महत्त्वाचं. म्हणूनच अशा टाकीतल्या झाडाने आधी आडोसा द्यायला हवा, शोभा नंतर. फाटलेल्या शेपटीवर औषधं घालत बसण्यापेक्षा आडोसा वाढवणं कितीतरी बरं.

आडोसा पुरेसा आहे का, हे बघायला टाकीच्या बाजूच्या काचेशी खाली बसा. डोळे तळापासून चार-पाच बोटं वर, म्हणजे मासा जिथून बघतो त्या उंचीवर आणा. समोरच्या टोकाची काच सरळ दिसत असेल तर माशालाही ती दिसते, आणि पूर्ण टाकी एकट्याचीच आहे असं तो समजतो. बहुतेक टाक्यांत झाडं फक्त मागच्या काचेला लावलेली असतात. ती छान दिसतात, पण नजर अडवत नाहीत. झाडांची रांग मागून पुढे यायला हवी, शेतातल्या बांधासारखी. टाकीच्या रुंदीचा निदान दोन तृतीयांश भाग तिने अडवावा. तीन फुटी टाकीत असे दोन बांध घातले की तीन वेगळी वावरं तयार होतात.

आडोशामागे दडलेल्या माशाला निसटायला दोन वाटा हव्यात. एकच तोंड असलेला कोपरा म्हणजे सापळा. दांडगा मासा तोंडाशी उभा राहतो आणि आतला उपाशी राहतो.

आधी माशाची खोड ओळखा

कन्व्हिक्ट आणि फायरमाउथ वाळू उकरतात. क्रिबेन्सिस लाकडाखाली किंवा झाडाच्या मुळांखाली खड्डा करतो. ऑस्कर सहसा झाड खात नाही, पण उपटून तरंगत ठेवतो. एम्बुना दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे, त्यामुळे कोवळ्या पानालाही तोंड लावतात. सेव्हरम तर पानं आवडीने खातो. एंजलला अंडी चिकटवायला उभं, रुंद, टणक पान लागतं. रॅम आणि फायटर झाडांना धक्का लावत नाहीत. त्यांच्याकडे नाजूक झाडंही टिकतात, मात्र रॅमला 27 ते 29 अंश पाणी मानवतं, तेव्हा तेवढी ऊब सोसणारं झाड घ्या.

उकरणाऱ्या किंवा खाणाऱ्या माशांसोबत कबोम्बा, रोटाला, लुडविजिया आणि गवतासारखी पसरणारी बुटकी झाडं लावू नका. आठवडाभरात ती फिल्टरच्या तोंडाशी गोळा होतात.

वाळूत न लावायची झाडं: यांच्यापासूनच सुरुवात करा

अनुबियास, जावा फर्न आणि बोल्बायटिस यांना आडवं, जाड खोड असतं आणि ते दगडा-लाकडाला धरून वाढतं. मासा वाळू कितीही उकरो, यांचं काही बिघडत नाही. अनुबियासचं पान चामड्यासारखं जाड असतं आणि जावा फर्न बहुतेक मासे एकदा चाखून सोडून देतात. मोठ्या माशांसाठी नाना ही बुटकी जात घेऊ नका, रुंद पानांची बार्टेरी घ्या. अनुबियास महिन्याकाठी जेमतेम एखादं पान काढतो, म्हणून रोप विकत घेतानाच मोठं घ्या. लहान रोप वाढून आडोसा होईल म्हणाल, तर वर्ष जातं.

बसवताना कुंडी आणि मुळांभोवतीचा लोकरीसारखा कापूस पूर्ण काढा, मुळं 2–3 सेंटीमीटर ठेवून छाटा. खोडाची खालची बाजू कागदाने टिपून कोरडी करा. दगडावर वाटाण्याएवढे दोन-तीन थेंब जेलसारख्या सुपरग्लूचे टाका, खोड मिनिटभर दाबून धरा आणि पाण्यात सोडा. गोंद पाण्यात पांढरा पडतो, त्याने माशांना अपाय होत नाही. गोंद नको असेल तर सुती दोऱ्याने बांधा. दोरा कुजेपर्यंत मुळं दगड धरतात.

चूक होते ती खोड वाळूत पुरण्याची. पुरलेलं खोड मऊ, तपकिरी पडतं, दाबलं तर पिचतं आणि वास येतो. असा भाग धारदार पात्याने हिरवं, कडक खोड लागेपर्यंत कापून टाका. उरलेला तुकडा जगतो.

दगड माशाला हलवता येणार नाही इतका जड असावा आणि तो वाळूवर न ठेवता थेट टाकीच्या तळावर टेकवावा, भोवतीने वाळू घालावी. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालून मासा उकरत जातो, दगड कलंडतो आणि मासा चेपला जातो किंवा काच तडकते.

मुळांची झाडं लावायची असतील तर

बांध घालायला व्हॅलिस्नेरियासारखं दुसरं झाड नाही. त्याची लांब, फितीसारखी पानं वरपर्यंत जातात आणि फुटव्यांनी रांग आपोआप दाट होते. 5–7 सेंटीमीटर अंतरावर लावा. मुळं आणि पानं जिथे मिळतात तो पांढरट भाग वाळूच्या वर राहायला हवा. जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी त्याला सोसतं, त्यामुळे मलावीच्या 7.8 ते 8.6 पीएचच्या टाकीतही ते चालतं. द्रवरूप कार्बन म्हणून मिळणारं ग्लुटराल्डिहाइड मात्र घालू नका, पानं विरघळल्यासारखी होतात. क्रायनम हे कांद्यासारख्या कंदातून वाढणारं झाडही जड पाण्यात चांगलं. त्याचा कांदा अर्ध्याहून जास्त उघडा ठेवा.

ॲमेझॉन सोर्ड एंजलसाठी उत्तम, पण उकरणाऱ्यांसोबत तो कुंडीतच लावा. 10–12 सेंटीमीटरची मातीची कुंडी, आत जाड वाळू आणि खताची एक गोळी, वर माशाच्या तोंडात मावणार नाहीत असे गोटे तीन-चार सेंटीमीटर. गोळी उघड्या वाळूत ठेवली तर मासा ती उकरून वर आणतो आणि खत पाण्यात उतरून पाणी हिरवं होतं. सोर्ड आणि क्रिप्टोकोरीन लावल्यावर जुनी पानं गळाली तर घाबरून उपटू नका. रोपवाटिकेत ती बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असतात. मुळं घट्ट असतील तर दोन-तीन आठवड्यांत पाण्यातली नवी पानं येतात.

वरचा आडोसा

फ्रॉगबिट, साल्विनिया यांसारखी तरंगती झाडं उजेड मंद करतात. वर सावली असली की मासे निवांत राहतात. मोठे सिक्लिड, म्हणजे ऑस्कर, कन्व्हिक्ट यांच्या कुळातले मासे, पाण्यात खूप घाण करतात. त्या घाणीतून तयार होणारं बरंच नायट्रेटही ही झाडं ओढून घेतात. निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकू देऊ नका, नाहीतर खालची झाडं उजेडाविना मरतात. फायटर आणि गुरामी वर येऊन हवा घेतात, त्यांना मोकळी जागा लागतेच. ऑस्करच्या टाकीत मनी प्लँटची फक्त मुळं पाण्यात सोडावीत आणि पानं बाहेर ठेवावीत, कारण पानांत कॅल्शियम ऑक्सलेटचे टोचरे स्फटिक असतात. मुळं बाहेर टांगलेल्या फिल्टरच्या डब्यात ठेवली तर मासा ती ओढू शकत नाही.

क्रम चुकवू नका

नवीन झाड पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात, लिटरला 10 मिलिग्रॅम या मापाने, 10 मिनिटं बुडवा, धुवा आणि दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवा. गोगलगाईची अंडी पातळ चिकट गोळ्यासारखी पानाच्या खालच्या बाजूला असतात, ती नखाने खरवडा. जावा फर्नच्या पानामागचे तपकिरी, ओळीने आलेले ठिपके मात्र बीजाणूंचे असतात, त्यांना हात लावू नका.

झाडं आधी, मासे नंतर. मुळं धरायला चार ते सहा आठवडे द्या, दिवे रोज सहा ते आठ तास. अनुबियास थेट दिव्याखाली ठेवू नका, त्याच्या सावकाश वाढणाऱ्या पानांवर शेवाळ चढतं. मग गरीब स्वभावाचे मासे आधी सोडा, सगळ्यात दांडगा शेवटी. पुढे कधी नवा मासा आणला तर झाडं बांधलेले दगड आधी दुसऱ्या जागी हलवा, दिवा काही तास बंद ठेवा आणि मग त्याला सोडा. जुन्या हद्दी मोडल्या की जुना मासाही नव्याइतकाच गोंधळलेला असतो. वाळूत पुरलेल्या झाडांना असं हलवणं मानवत नाही.

कन्व्हिक्टची जोडी विणीला आली की घरट्याभोवतीची झाडं कुरतडते, उपटते. पिल्लांवर येणारा शत्रू लांबून दिसावा म्हणून ती जागा मोकळी करत असते. तिथे पुन्हा झाड लावू नका, ते परत उपटलं जाईल. टाकीचा तेवढा तिसरा हिस्सा जोडीला द्या आणि झाडांचे दोन-तीन दगड सरकवून बाकीच्या माशांसमोर आडोसा उभा करा. पिल्लांची राखण महिना-दीड महिना चालते, तोवर ते दगड तिथेच राहू द्या.