पॉइंटर कुत्र्याला जागच्या जागी थांबायला कसं शिकवावं

पॉइंटर ही शिकारी कुत्र्यांची जात, तिला पॉइंट धरायला शिकवावं लागत नाही. गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास आला की मान ताणून, शेपूट ताठ करून थिजणं, म्हणजेच पॉइंट धरणं, त्याच्या रक्तातच असतं. शिकवायचं ते एवढंच की तुम्ही जवळ जाईपर्यंत हलायचं नाही.

आधी कायद्याचं बघू. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्याकडे तित्तर-लाव्ह्यांची शिकार बंद आहे, आणि पक्षी हुसकावणंही शिकारीतच धरलं जातं. म्हणून पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मोरांमागे किंवा सासवडकडच्या माळावर कुत्रा मोकळा सोडायचा नाही. ओळखीच्या कुणाचं कुंपण घातलेलं शेत बघा आणि सगळा सराव कोंबडीच्या पिसांवर करा. बंदूक नसली म्हणून कुत्र्याचं काही अडत नाही.

पिल्लू अडीच-तीन महिन्यांचं झालं की काठीला दोरी आणि दोरीला पीस बांधा. पीस गवतावर टेकवायचं, पिल्लू झेपावलं की वर उचलायचं. हाती लागत नाही म्हटल्यावर ते आपोआप दबकून उभं राहतं. घरातल्या मुलांना या खेळाचा भारी नाद लागतो, पण आठवड्यातून एक-दोनदाच खेळू द्या. रोज केलं तर पिल्लू नाक सोडून डोळ्यांवर विसंबतं.

मग ‘थांब’. पट्ट्यावर चालताना मध्येच थांबा, एकदाच ‘थांब’ म्हणा, पाऊल पुढे टाकलं तर न बोलता उचलून मूळ जागी ठेवा. ओरडू नका. उभा राहिला की पाठीवरून शेपटीपर्यंत सावकाश हात फिरवा आणि मागून अगदी हलकेच पुढे ढकला. तो उलट मागे जोर देतो, पायाची नखं मातीत रुततात, अंग आणखी ताठ होतं. हीच गंमत आहे: ढकलाल तितका तो घट्ट उभा राहतो.

हे पक्कं झालं की तीसेक फुटांची दोरी लावा. पिसांची जुडी झुडपात लपवा, चिमूटभर धूळ उडवून वारा बघा आणि कुत्र्याला वाऱ्याला आडवं चालवा. वास लागताच तो झटक्यात वळेल. तोंडातून शब्द काढू नका, फक्त दोरी धरून ठेवा. पीस तोंडात घ्यायला धावला तर पुढे जाता येत नाही, एवढंच त्याला कळायला हवं. हातमोजे घाला, दोरीने तळहात सोलवटतात.

उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत आटपा. दिवाळीच्या सुमारास माळावर कुसळी गवत पिकतं, तेव्हा घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कान तपासा, गोचिडीही तिथेच सापडतात. कुत्रा पंजा चाटतच राहिला किंवा सारखा कान झटकू लागला तर कुसळ आत शिरलंय असं समजा. चिमट्याने उकरत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या.