वर्गात गोष्ट सांगताना या चुका टाळा

गोष्टीच्या तासाला मुलं चुळबुळ करायला लागली की खापर मोबाईलवर फुटतं. पण बहुतेक वेळा गोची सांगण्यातच असते.

सगळ्यात महागात पडते ती शब्दन् शब्द पाठ करण्याची सवय. एक वाक्य निसटलं की नजर छताकडे जाते आणि मागची रांग गप्पांना लागते. पाठ करायचे ते प्रसंग, तेही पाच-सहाच. पन्हाळ्याचीच गोष्ट घ्या: सिद्दी जौहरचा वेढा, पावसाळी रात्र, दोन पालख्या, शिवा काशीद पकडला जाणं, घोडखिंडीतले बाजीप्रभू, विशाळगडावरच्या तोफा. एवढं बोटांवर मोजता आलं की मधली वाक्यं सुचत जातात. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं हवं. ‘जुलै १६६० मध्ये’ अशी सुरुवात केलीत, तर झाला इतिहासाचा तास! ‘पाऊस कोसळतोय, आणि गडावरून एक नाही, दोन पालख्या निघाल्यात’ असं म्हणा. सन नंतर फळ्यावर लिहा.

पालुपद नसेल तर लहान मुलं नुसती ऐकत बसतात. कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याकाठच्या, सरकणाऱ्या नंदीची दंतकथा यासाठी फार सोयीची. ‘गव्हाभर पुढं, तांदळाभर मागं’ हे तीनदा आलं की चौथ्यांदा तुम्ही थांबा, वर्गच म्हणेल. एखादं पोर विचारणारच, ‘मग नंदी पुढं गेला का मागं?’ उत्तर देऊ नका. गव्हाचा आणि आजरा घनसाळ तांदळाचा एकेक दाणा तळहातावर ठेवा, त्यांनाच मापू द्या. ही दंतकथा आहे, हेही शेवटी सांगा. पन्हाळा आणि नंदी एकाच पंक्तीला बसवू नयेत.

खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका; उजेड मागून येतो, चेहरा काळा दिसतो, हावभाव वाया जातात. पहिली-दुसरीला आठ-दहा मिनिटं पुरेत. अवघड शब्द दोन-तीनच असू द्यात आणि ते आधीच सांगून टाका. गोष्ट अडवून ‘वेढा म्हणजे काय?’ विचारलं की रंग गेलाच.

गोष्ट संपल्या संपल्या ‘तात्पर्य काय?’ नको. अर्धा मिनिट गप्प बसा. मग एकाला गोष्ट पुन्हा सांगायला लावा. तो ‘पालखी गेलती’ म्हणाला तर तिथं ‘गेली होती’ अशी दुरुस्ती करू नका. एकदा टोकलं की पोर पुढचा प्रसंग विसरतं, आणि उद्या हात वर करत नाही.