ऑफर घेऊनही पैसे उरत नाहीत? खरेदी, करमणूक आणि जेवणातल्या या चुका टाळा

सेलमध्ये घेतलं, कूपन लावलं, कॅशबॅकही मिळाला, तरी महिनाअखेरीला खात्यात नेहमीइतकीच शिल्लक. ही तक्रार करणारी माणसं उधळी नसतात. चार ठिकाणी भाव पाहून मगच घेणारी असतात. त्यांचं चुकतं ते हिशेबाच्या वेळेत. वस्तू घेताना किती वाचले हे ती मोजतात, पण वस्तू संपल्यावर ती कितीला पडली हे कुणी मोजत नाही. अर्ध्या किमतीत आणलेल्या वस्तूतलं अर्धं फेकून दिलं, तर ती पूर्ण किमतीलाच पडली. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

सवलतीचा टक्का पाहून निर्णय घेणं

'२० टक्के जास्त' आणि '२० टक्के सूट' या दोन गोष्टी सारख्या वाटतात, पण तशा नाहीत. १०० ग्रॅमच्या किमतीत १२० ग्रॅम मिळाले तर खरी सूट साधारण १६.७ टक्केच पडते. '५० टक्के जास्त' म्हणजे ३३ टक्के सूट. '२० टक्के सूट, त्यावर आणखी १० टक्के' याची बेरीज ३० होत नाही, २८ होते, कारण दुसरी सूट आधीच कमी झालेल्या किमतीवर मिळते. आणि 'दुसऱ्या नगावर निम्मी किंमत' म्हणजे दोन्ही नग घेतले तर एकूण २५ टक्के सूट. एकच नग हवा असेल तर काहीच नाही.

त्याहून जास्त फसवते ती खोडलेली मूळ किंमत. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं जाई आणि ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली होती. मग विचारलं जाई, संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांमध्ये आफ्रिकी देश किती टक्के? ज्यांनी १० पाहिला त्यांचा अंदाज २५ च्या आसपास आला, ज्यांनी ६५ पाहिला त्यांचा ४५ च्या आसपास. चक्राचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता, तरी आधी पाहिलेल्या आकड्याने अंदाज आपल्याकडे ओढला. खोडलेली किंमत नेमकं हेच काम करते.

उपाय साधा आहे. ती किंमत हाताने झाका आणि स्वतःला विचारा, ही वस्तू याच भावाला, कुठलीही पाटी न लावता ठेवलेली असती तर मी घेतली असती का? उत्तर द्यायला वेळ लागत असेल तर ती ठेवून द्या.

मोठा पॅक स्वस्तच पडतो असं धरून चालणं

पुष्कळदा पडतो, नेहमी नाही. किमतीला वजनाने भागा. फोनमध्ये कॅल्क्युलेटर असतोच. काही देशांत किलोमागचा किंवा लिटरमागचा दर फळीवर छापण्याची सक्ती आहे. तिथे तोच आकडा वाचायचा, बाकीचा मजकूर सोडून द्यायचा. वेष्टन आणि किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी करणं ही कंपन्यांची जुनी रीत आहे. त्यामुळे नेहमीच्या वस्तूचंही वजन अधूनमधून वाचत चला.

भाव खरंच कमी असेल तरी एक प्रश्न उरतो: घरात जास्त असलं की ही वस्तू जास्त वापरली जाते का? कपडे धुण्याची पावडर, कचऱ्याच्या पिशव्या, टूथपेस्ट यांचं प्रमाण फारसं वाढत नाही. अशा वस्तू खुशाल मोठ्या घ्या. खाऊचं तसं नाही. मोठं पाकीट लहान पाकिटाइतक्याच दिवसांत संपतं आणि मग दरातली बचत पोटात जाते. मसाल्यांचा वास उडतो, तेल खवट होतं, म्हणून तिथेही बेताने.

जाता जाता एक माहिती. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीमधले दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७ मध्ये चाकांची खरेदीगाडी आणली. टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. चार वस्तूंसाठी गेला असाल तर गाडी घेऊच नका, हातातली टोपली घ्या.

स्वस्तात आणून वाया घालवणं

माझ्या मते घरखर्चातली सगळ्यात महाग चूक हीच आहे, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. दुकानं आणि खानावळी मिळूनही त्यापेक्षा कमी.

घरात अन्न वाया जाण्याची कारणं ठरलेली असतात. पहिलं कारण, यादी करताना आपण फ्रीज उघडत नाही. आठवणीतून यादी होते आणि असलेलीच गोष्ट पुन्हा येते. दुसरं, आठवड्याचा बेत आपण उत्साहाच्या भरात आखतो. सातही दिवस ताजा स्वयंपाक होईल असं धरून भाजी आणतो. प्रत्यक्षात एखादा दिवस उशीर होतो, एखाद्या दिवशी बाहेर जेवण होतं आणि भाजी पिवळी पडते. सातऐवजी पाच दिवसांचंच सामान आणा. उरलेले दोन दिवस घरात आधीपासून असलेल्या गोष्टींवर निघतात, आणि निघायलाच हवेत.

तिसरं कारण तारखा. 'या तारखेपूर्वी उत्तम' हा शिक्का चव आणि दर्जाबद्दल असतो. ती तारीख उलटलेला, नीट बंद असलेला कोरडा माल वास आणि चव पाहून वापरता येतो. 'या तारखेपर्यंतच वापरा' हा शिक्का सुरक्षिततेबद्दल असतो, तिथे धोका पत्करू नये. दोन्हींत गल्लत झाली की चांगलं अन्न फेकलं जातं, नाहीतर वाईट अन्न पोटात जातं.

चौथं कारण साठवण. इथे थोडं थांबणं आवश्यक आहे, कारण यात एक पैसाही न घालता फरक पडतो. केळी, सफरचंद, टोमॅटो पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने शेजारच्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात. त्यांना वेगळं ठेवा. बटाटे आणि कांदे दोन्ही अंधारात, हवेशीर, पण एकमेकांपासून लांब. फ्रीजचं तापमान ४ ते ५ अंश सेल्सियस असावं. सगळ्यात उबदार जागा दाराची असते, म्हणून दूध दारात ठेवू नका, आतल्या फळीवर ठेवा. दारात सॉस आणि लोणची चालतात. पाव फ्रीजमध्ये उलट लवकर शिळा होतो. लगेच संपणार नसेल तर तो फ्रीझरमध्ये ठेवा. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं, आणि तीन-चार दिवसांत संपायला हवं. डब्यावर तारीख लिहा. आधी संपवायच्या गोष्टी डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवा, मागे गेलेला डबा विसरलाच जातो.

थकलेल्या संध्याकाळी जेवण मागवणं

बाहेरचं खाणं बंद करा हा सल्ला मी देणार नाही. तो टिकत नाही, आणि मित्रांसोबत रंगलेल्या जेवणाचे पैसे वाया गेले असं कुणाला वाटतही नाही. कात्री लावायची ती 'आता उभं राहायचं त्राण नाही' म्हणून मागवलेल्या जेवणांना. त्यांची चवही दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

अशा वेळी मागवलेल्या जेवणाचं बिल नीट वाचा. पदार्थांची किंमत, पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्मचं शुल्क, कर, टिप. पुष्कळ ठिकाणी ॲपवरची किंमतच त्याच हॉटेलातल्या किमतीपेक्षा जास्त असते. त्यावर मोफत डिलिव्हरीचं आमिष. डिलिव्हरीचे १० वाचवायला ३५ चा नको असलेला पदार्थ घातला, तर २५ जास्तच गेले.

हे इच्छाशक्तीने सुटत नाही, कारण त्या वेळी तीच संपलेली असते. सुट्टीच्या दिवशी नेहमीचाच एखादा पदार्थ दुप्पट करून अर्धा फ्रीझरमध्ये टाका. वीस मिनिटांत होणाऱ्या दोन जेवणांचं सामान कायम घरात ठेवा. डिलिव्हरी यायच्या आत जेवण ताटात आलं तर फोन हातात घेतलाच जात नाही.

वापरत नसलेल्या सदस्यत्वांचे हप्ते भरत राहणं

स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या जिमच्या सदस्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त भरणाऱ्या सदस्यांना एक खेप सरासरी १७ डॉलरपेक्षा महाग पडत होती. त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलर पडले असते. लोकांनी आपण किती वेळा येऊ याचा अंदाज जास्त धरला होता. चित्रपट-मालिकांचे ॲप, संगीत, गेम, मासिकं, सगळीकडे हेच घडतं.

तपासायची रीत: गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं विवरण काढा आणि आपोआप जाणारी प्रत्येक रक्कम अधोरेखित करा. तिला प्रत्यक्ष वापराच्या वेळांनी भागा. एका चित्रपटाचा दर तो सुटा भाड्याने घेण्यापेक्षा महाग निघाला, तर सदस्यत्व बंद. पुन्हा हवं असेल तेव्हा घेता येतं. बहुतेक सेवा परत येणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. एका वेळी एकच सेवा ठेवायची, तिच्यावरचं पाहून झालं की दुसरी, हे मला सगळ्यात पटतं. वार्षिक योजना काही महिने नियमित वापर झाल्यावरच घ्या. मोफत चाचणी सुरू करताना रद्द करण्याची तारीख त्याच क्षणी फोनमध्ये टाका. आणि ग्रंथालयाचं कार्ड काढा. पुस्तकांखेरीज कितीतरी ठिकाणी तिथे चित्रपट, मासिकं आणि खेळही मिळतात.

'पैसे भरलेत म्हणून पाहायचंच' हाही एक सापळा. गेलेले पैसे आवडत नसलेला कार्यक्रम पाहून परत येत नाहीत, वर संध्याकाळही जाते.

पैसे जाताना न दिसणं

रोख देताना हात थबकतो, कार्ड टेकवताना थबकत नाही. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामन्यांच्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे देणाऱ्यांनी रोखवाल्यांपेक्षा बरीच मोठी बोली लावली होती. ज्या खर्चावर ताबा राहत नाही तेवढ्यापुरती रोख किंवा वेगळं छोटं खातं ठेवा. ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका, नंबर हाताने टाकावा लागला की विचार करायला वेळ मिळतो. गेममधली आभासी नाणी विकत घेण्याआधी त्यांची किंमत खऱ्या पैशांत लिहून पाहा. आणि कार्डाची थकबाकी पुढे ढकलत असाल तर पॉइंट आणि कॅशबॅक विसरा: महिन्याला ३ टक्के व्याज म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर.

एवढं करूनही शिल्लक दिसत नसेल

तर दोन गोष्टी तपासा. वाचवलेली रक्कम त्याच खात्यात पडून राहिली का? तशी राहिली तर ती आठवड्याभरात दुसऱ्या कशात तरी मुरते. सदस्यत्व रद्द केलं की त्याच दिवशी तेवढीच रक्कम दर महिन्याला बचत खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन टाका. दुसरं, उत्पन्नाचा मोठा वाटा घरभाडं, कर्जाचे हप्ते, विमा आणि गाडी यांतच जात असेल, तर किराणा आणि करमणुकीत कितीही काटकसर केली तरी फरक थोडाच पडेल. अशा घरात आधी मोठ्या हप्त्यांना हात घालायला हवा: व्याजदर कमी करून मिळतो का, विम्याचं नूतनीकरण करताना दुसऱ्या कंपनीचा दर काय आहे, गाडी खरंच रोज लागते का.