आउटबोर्डचे स्टिअरिंग जड झाल्यास: केबल आणि टिल्ट ट्यूबची निगा

पावसाळ्याचे दोन महिने वर ओढून ठेवलेली, मागच्या बाजूला बाहेरून आउटबोर्ड इंजिन बसवलेली फायबरची बोट नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात उतरवली, की स्टिअरिंगचे चाक हलत नाही ही तक्रार हमखास ऐकू येते. चाकापासून इंजिनापर्यंत जाणारी स्टिअरिंगची केबल गेली असे गृहीत धरून नवी आणण्याची घाई होते. परंतु बहुतेक वेळा दोष केबलच्या पोटात नसून तिच्या टोकाचा स्टीलचा दांडा ज्या नळीतून मागेपुढे सरकतो, त्या टिल्ट ट्यूबमध्ये असतो. या नळीतील जुने ग्रीस सुकून मेणासारखे होते, त्यात खारे पाणी व खाडीचा बारीक गाळ मिसळतो आणि दांडा जागीच धरला जातो. (इंजिनाचा दांडा, म्हणजे टिलर, हाताने धरून चालवायच्या होड्यांना ही केबल नसते, त्यामुळे पुढील मजकूर चाकाच्या बोटींपुरताच आहे.)

प्रथम इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. केबलचा दांडा आणि इंजिन यांना जोडणारा लिंक रॉड सोडवावा आणि इंजिन हाताने डावीउजवीकडे फिरवून पाहावे. ते सहज फिरत असूनही चाक जड लागत असेल, तर दोष ट्यूबमध्ये किंवा केबलमध्ये आहे. इंजिनच जड फिरत असेल, तर ते ज्या खुंटावर वळते तेथील निपलांना (ग्रीस भरण्याच्या बारीक तोंडांना) ग्रीस द्यावे लागेल. ही पाच मिनिटांची तपासणी टाळून थेट मुंबईतील हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला, नट सोडवायचे पाने आणि ब्रश आणायला धावण्यात अर्थ नाही.

ग्रीस पाण्यात न धुपणारे, मरीन म्हणून विकले जाणारेच असावे. फवाऱ्याचे पातळ तेल गंज सैल करण्यास उपयोगी पडते, पण ते ग्रीसची जागा घेऊ शकत नाही. आता सर्वांत महत्त्वाची बाब: ट्यूबच्या निपलला ग्रीस गन (ग्रीस दाबून भरण्याचा पंप) लावण्यापूर्वी चाक फिरवून दांडा ट्यूबच्या पूर्ण आत घ्यावा. एकदा घाईत मी दांडा बाहेर असतानाच निपलमधून भरपूर ग्रीस दाबले. नंतर चाक उलट फिरवू लागलो, तर आत कोंडलेल्या ग्रीसने दांडा असा अडवला की चाक अर्ध्यावरच थांबले. ते धक्क्यावर घडले म्हणून निभावले; चालत्या बोटीत असे होणे म्हणजे दिशेवरचा ताबाच जाणे. दांडा आत असताना थोडे थोडे ग्रीस द्यावे, मधून मधून चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे, दर वेळी दांडा पुन्हा आत घेऊनच गन लावावी आणि ट्यूबच्या तोंडातून काळपट जुने ग्रीस येऊन त्यामागे स्वच्छ ग्रीस दिसू लागले की थांबावे. दांड्याचा बाहेर राहणारा भाग चिंधीने पुसून त्यावर ग्रीसचा पातळ थर द्यावा.

निपल नसेल, अथवा ग्रीस आतच शिरत नसेल, तर केबलचा मोठा नट सोडवून दांडा बाहेर काढावा लागतो. तो निघत नसल्यास गंज सैल करणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. हातोड्याने ठोकू नये, कारण दांडा किंचित वाकला तरी केबल बाद होते. गॅसची ज्योत तर मुळीच लावू नये, शेजारी पेट्रोलची नळी असते आणि केबलचे प्लॅस्टिकचे आवरण वितळते. दांडा निघाल्यावर त्यावर ट्यूबच्या तोंडाशी साचलेले तपकिरी कडे बारीक घासणीने काढावे, नळीत गोल ब्रश फिरवून रॉकेलच्या चिंध्या ओढाव्यात आणि शेवटची चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवावे.

केबल बाहेर असतानाच ती जमिनीवर सरळ पसरून चाक फिरवून पाहावे. तेव्हाही ती खरखरत असेल, आवरणाला चीर असेल किंवा तेथून गंजाचे पाणी झिरपत असेल, तर ग्रीस वाया न घालवता केबल बदलावी. आत पाणी शिरलेली केबल दुरुस्त होत नाही. नवी बसवताना तिला सुमारे ८ इंचांपेक्षा लहान त्रिज्येचे वळण देऊ नये.

अनेक मॅन्युअलमध्ये ही कामे साधारण १०० तासांनी सांगितलेली असतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत मी तासांवर विसंबत नाही. बोट वापरात असो वा नसो, दर दोन महिन्यांनी ग्रीस देतो आणि पावसाळ्यात बोट उभी असतानाही आठवड्यातून एकदा चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवतो. लिंक रॉड पुन्हा जोडताना जुना नायलॉनचा लॉकनट (आपोआप सैल न होणारा नट) वापरू नये, नवा घालावा आणि तो मॅन्युअलमधील मापानुसार आवळावा.